शनिवारच्या माशांसाठी सुरी: सहा इंची की आठ इंची?

प्रेषक: स्वयंपाक समिती

नमस्कार मंडळी,
दोन फिलेटच्या, म्हणजे काट्यापासून मांस सलग सोडवायच्या, सुऱ्या आजच मागवायच्या आहेत. मासे नेहमीचेच, अर्धा-पाऊण किलोचे, शिवाय चार-चार किलोचे दोन. मागच्या वेळच्या सुरीने निम्मं मांस काट्यालाच राहिलं, ती पुन्हा नको. सहा इंची घेऊ की आठ? संध्याकाळपर्यंत सांगा.

प्रेषक: माजी सचिव

ताई, लांबीचं नंतर बघू. मागची सुरी ताठ होती, खरा घोळ तो. ती मटणाची हाडं सोडवायची सुरी. पातं जाड, त्यामुळे फासळ्यांच्या बाकावरून वळतच नाही. सरळ निघून जातं आणि बाकातलं मांस मागे राहतं. फिलेटचं पातं वाकायलाच हवं. टोक पाटावर टेकवून हलकेच दाबून बघा: पुढचा अर्धा भाग दोनेक सेंटिमीटर वाकावा आणि हात सोडताच सरळ व्हावा. मुठीपासूनच वाकत असेल तर घेऊ नका, हाताचा जोर टोकापर्यंत पोचत नाही. वाकून तसंच राहिलं तर बोलायलाच नको.
दोन्ही आठ इंची, लवचीक घ्या.

प्रेषक: भांडार

दोन्ही आठ इंची घेऊ नयेत. पातं माशाच्या रुंदीपेक्षा थोडं लांब असलं की पुरे, म्हणजे एका ओढीत काप जातो. आखूड पडलं की करवतीसारखं मागेपुढे करावं लागतं आणि मांसावर पायऱ्या पडतात. अर्धा किलोच्या माशाला सहा इंच भरपूर. त्याला आठ इंची लावली तर टोक पलीकडे बाहेर येतं, आणि मासा धरलेला हात तिथेच असतो.
चार किलोच्याला आठ किंवा नऊ इंची, पण कमी लवचीक. जाड मांसात फार लवचीक पातं काट्यापासून वर भरकटतं. म्हणून एक सहा इंची लवचीक, एक आठ इंची मध्यम. कपाटात दोनच खण रिकामे आहेत, तिसरी आणू नका.

प्रेषक: माजी सचिव

दादा, सहा इंचीचं पटलं. पण मोठ्या माशात पातं भरकटतं ते दाबल्यामुळे. सुरी दाबायची नसते, ओढायची असते. कल्ल्यामागे, छातीच्या परामागून तिरका काप मधल्या काट्यापर्यंत. मग पाठीकडून, वरच्या पराला लागून, फक्त टोकाने उथळ काप शेपटीपर्यंत. दुसऱ्या ओढीत मधला काटा लागतो, तिसरीत फासळ्या. पातं फासळ्यांना टेकलेलं असलं की बारीक टकटक हाताला कळते. ती थांबली म्हणजे पातं वर सरकलं. तिथेच थांबून परत खाली टेकवा. ताठ पात्याने ही टकटक कळते, पण बाक सांभाळता येत नाही.

प्रेषक: खजिनदार

मुठीचं कोणीच बोललं नाही. लाकडी नको. चिकट, ओल्या हातात सटकते, वास धरते आणि खिळ्यांजवळ फट पडली की तिथे घाण बसते. खरबरीत रबराची किंवा प्लॅस्टिकची घ्या, पात्याजवळ बोट अडेल असा उंचवटा हवाच. टोक काट्यात अडकून हात पुढे घसरतो तेव्हा तोच बोट वाचवतो.
चामड्याच्या म्यानासह येणारी नको. चामडं ओल धरतं, पात्यावर गंजाचे ठिपके पडतात.

प्रेषक: स्वयंपाक समिती

मूठ कळली. साल काढायला वेगळी सुरी लागेल का?

प्रेषक: माजी सचिव

नाही, तीच. शेपटीकडे बोटभर मांस सोडवा, साल कोरड्या कापडात घट्ट धरा, पातं जवळजवळ आडवं, धार सालीकडे किंचित झुकलेली. मग सुरी जागेवर ठेवून साल ओढा, डावी-उजवीकडे हलवत. धार जास्त झुकली की साल फाटते, कमी झुकली की मांस सालीवर राहतं. हे काम आठ इंची मध्यमवर करा. (झालो तयार, दादा.)

प्रेषक: भांडार

म्हणजे मध्यमच ठरली. आता धार. ती आम्हीच लावू, कृपया कोणी परस्पर सुरी खेचून धार लावायच्या यंत्रातून काढू नका. पातळ पात्याची धार त्यात वेडीवाकडी होते. १००० ग्रिटचा (मध्यम दाण्याचा) दगड, दर बाजूला साधारण १५ अंश, बोटं धारेच्या अगदी वर आणि दाब हलका. जोर दिला की पातं वाकतं, कोन बदलतो.
या सुऱ्यांनी खवले काढायचे नाहीत, डोकं तोडायचं नाही. काम झालं की हाताने धुऊन लगेच पुसा, भांडी धुण्याच्या यंत्रात नाही.

प्रेषक: खजिनदार

डोकं तोडायला मग जाड सुरी आहे ना कपाटात? आणि जाळीचे हातमोजे दोन जोड मागवतोय. ते कापण्यापासून वाचवतात, टोक भोसकण्यापासून नाही, हे शनिवारी सगळ्यांना सांगा. पाटाखाली ओलं फडकं ठेवा, पाट सरकतो.

प्रेषक: भांडार

आहे. वरच्या खणात, डावीकडे.