आयडीके कोणतं टेसन आहे?

बाबा: पोरी, पोळ्याले कधी येतं इचारलं त तू लिवलं आयडीके. तिकिटावर बडनेऱ्याचं बीडी रायते, अकोल्याचं एके, अमरावतीचं एएमआय. हे आयडीके कोणतं टेसन आहे? तेथं घ्याले येऊ का? तुही आई सकाळपासून इचारून रायली.

ताई पुणे: बाबा, चुकलं माह्यं. ते स्टेशन नाही. आय डोन्ट नो, म्हणजे 'मला माहीत नाही'. सुट्टीचं अजून नक्की नाही, म्हणून मैत्रिणींना लिहितो तसं लिहिल्या गेलं.

आई: मंग 'नक्की नाई' असं लिवाचं न बाई. माह्या जिवाले घोर लागला होता.

आत्या अकोट: मलेही एक इचाराचं होतं. आपला नातू कबड्डीत पयला आला त फोटोखाली त्याच्या दोस्तानं 'गोट' लिवलं. पोराले बकरी कायले म्हंते?

दादा: आत्या, ते कौतुक आहे. ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम, म्हणजे आजवरचा सगळ्यात भारी. त्याची चार अक्षरं.

आत्या अकोट: असं व्हय! दोन दिवस झाले, मी त्या दोस्तासंग बोलली नाई. आज त्याले घरी बलावतो.

काकू: आन लोल?

दादा: लाफिंग आउट लाउड, म्हणजे जोरात हसणं, काकू. काही जण 'लॉट्स ऑफ लव्ह', म्हणजे खूप प्रेम, म्हणून टाकतात. दुःखाच्या बातमीखाली कोणी टाकू नका, एवढं सांभाळा.

ताई पुणे: हे सगळं मोबाइलनंच आणलं असं नाही बरं. ओएमजी, म्हणजे 'अरे देवा', हे 1917 मध्ये एका इंग्रज नौदल अधिकाऱ्यानं चर्चिलला लिहिलेल्या पत्रात आहे. आणि एका एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 अक्षरं मावत, मराठीची 70च. म्हणून पोरं इंग्रजीत आणि आखूड लिहायला लागली.

मोठेबाबा: आखूड लिवनं वाईट नाई. तारेत शब्दामागं पैसे लागत, कार्डावर जागा नसे. मी पोस्टात होतो तवा रोज पाहो. ती.स्व., अ.उ.आ., क.लो.अ. म्हणजे 'तीर्थस्वरूप', 'अनेक उत्तम आशीर्वाद', 'कळावे, लोभ असावा'. आपल्याले डीएपीचा फुलफॉर्म कोठं येते? पण 18-46 चं खत हे सगळ्याले ठाऊक आहे, म्हणून अडत नाई.

एक गोष्ट सांगतो. एका म्हाताऱ्या मायले मी तिच्या पोराचं कार्ड वाचून दाखवो. तो वरतं 'सा.न.वि.वि.' लिवे. मी ते कधीच तसं वाचलं नाई. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असं पुरं वाचो. माय डोक्यावर पदर घेऊन ऐके आन मंग म्हणे, "आता पुढचं वाच." पोरानं चार अक्षरं लिवली, पण मायले नमस्कार पुरा भेटे.

मोबाइलात मधात पोस्टमन नाई रे पोरांनो. दोस्ताले काईबी लिवा. तुह्या आईले लिवाचं असन त ते उकलून देनारं कोणी तिच्याजवळ बसलं नाई, हे ध्यानात ठेवा.

ताई पुणे: हो मोठेबाबा. आई, बाबा, तुम्हाला साष्टांग नमस्कार. सुट्टीचं उद्या दुपारी कळेल. कळलं की आधी आईला फोन करीन. आले तर बडनेऱ्यालाच उतरीन.

बाबा: बरं. गाडी घेऊन येतो.