आयातीचे कागद किती वर्षे आणि कोणत्या रूपात जपावेत?

धागाकर्ता, उद्यमबाग (बेळगाव):
आपल्याकडचे अनेक कारखानदार कोरिया, जपानहून यंत्रे आणि सुटे भाग मागवतात. माल न्हावा शेवाला सुटला की निम्मे कागद क्लिअरिंग एजंटाकडेच राहतात. माझ्या मते ही सवय घातक आहे. व्यापार करारातील सीमाशुल्काचा सवलतीचा दर घेतला असेल, तर २०२० च्या कॅरोटार नियमांप्रमाणे (अशा सवलतीसाठी मालाचा मूळ देश तपासण्याचे सीमाशुल्क नियम) माल त्या देशाचा कसा ठरतो याची माहिती आयातदाराने स्वतः बाळगायची असते, तीही बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचे सीमाशुल्क विभागाकडे भरायचे घोषणापत्र) भरल्यापासून किमान ५ वर्षे. मूळ कागद ८ वर्षे कारखान्यातच ठेवावेत.

लेखापाल, निपाणी:
मुदतीशी मी असहमत आहे. ८ वर्षे हा आकडा कंपनी कायद्याच्या कलम १२८ मधला असून तो कंपन्यांच्या हिशेबवह्यांना लागतो. आपल्या भागातील बहुतेक कारखाने एकल मालकीचे किंवा भागीदारीचे आहेत, कंपन्या नाहीत. शिवाय बिल ऑफ एन्ट्री मुळातच संगणकावर भरली जाते. पावसाळ्यात दमट पोटमाळ्यावर कागद कुजवण्यात काय अर्थ आहे?

धागाकर्ता:
कंपनी कायद्याचा मुद्दा मान्य. पण जीएसटीचे काय? आयातीवर भरलेल्या आयजीएसटीचे (एकात्मिक जीएसटीचे) क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, बिल ऑफ एन्ट्रीवरच मिळते आणि कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने नोंदी ठेवाव्या लागतात. २०२२-२३ च्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२३ होती, म्हणजे एप्रिल २०२२ ची बिल ऑफ एन्ट्री २०२९ च्या डिसेंबरअखेरपर्यंत, पावणेआठ वर्षांच्या आसपास, सांभाळावी लागेल.

वाचक, खानापूर:
मुदतीपेक्षा मला आशयाची चिंता अधिक वाटते. आमच्याकडे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशाचा याचे प्रमाणपत्र) व्यवस्थित होते. मात्र तपासणीत मालाची उत्पादनप्रक्रिया आणि सुट्या भागांचे मूल्य विचारले गेले, तेव्हा पुरवठादाराकडील माहितगार माणूस नोकरी सोडून गेला होता आणि उत्तर मिळेपर्यंत आमची फार धावपळ झाली. कॅरोटार नियमांच्या फॉर्म १ मधील ही माहिती ऑर्डर देतानाच मागून घ्यावी. स्कॅनबद्दलही सावध राहा: सीमाशुल्क कायद्याच्या कलम १३८सी मध्ये संगणकातील प्रती पुरावा म्हणून ग्राह्य असल्या, तरी त्यासाठी अटी आहेत. एकाच संगणकावरची एकच प्रत पुरेशी नाही.

लेखापाल, निपाणी:
जीएसटीचा हिशेब मी धरला नव्हता, त्यामुळे मुदतीचे माझे मत मागे घेतो. कागदाबद्दल मात्र ठाम आहे: सही-शिक्क्याचे मूळ प्रमाणपत्र कोरड्या कपाटात ठेवावे, बाकी सर्व दोन वेगळ्या ठिकाणी स्कॅन करून ठेवावे.