घरकोंबडा नवरा, स्वीट टी आणि राहिलेली सहल : तुमचे अनुभव सांगा

आधीच सांगते, नवरा दक्षिणेतला, पण दक्षिण म्हणजे इथे अमेरिकेची दक्षिण. चेन्नई नव्हे. नवरा अलाबामातल्या बर्मिंगहॅमजवळच्या गावात जन्मला, तिथेच वाढला आणि लक्षणं अशी आहेत की म्हाताराही तिथेच होणार. माणूस सोन्यासारखा, पण पक्का घरकोंबडा. शनिवारी फुटबॉल, रविवारी चर्च आणि आईकडे जेवण, थंडी पडली की हरणांची शिकार. यातून फट उरेल तिथे माझी सहल. त्यात डॉक्टरांनी साखर काठावर आलीय म्हणून बजावलंय आणि हा दिवसाला चार-चार ग्लास स्वीट टी, म्हणजे साखर घातलेला गार चहा, रिचवतो. फिरायला चल म्हणणारीही मीच, ते खाऊ नको म्हणणारीही मीच. तुम्ही कसं जमवलंत? उपदेश नकोत, घडलेलं लिहा.

अटलांटाजवळून

मी केलेला मूर्खपणा आधी. नवऱ्याच्या वाढदिवसाला न सांगता इटलीची तिकिटं काढली. "थँक यू, हनी" म्हणाला आणि तीन दिवस गप्प. पासपोर्टच नव्हता त्याच्याकडे! शेवटी बहिणीबरोबर जाऊन आले.

पुढच्या वर्षी नकाशा त्याच्यापुढे टाकला आणि म्हटलं, रात्रीपर्यंत गाडीने पोचू असं काहीतरी तूच शोध. स्मोकी माउंटन्सचं राष्ट्रीय उद्यान निघालं. तिथे प्रवेशशुल्क नाही, फक्त 15 मिनिटांपेक्षा जास्त गाडी लावायची तर पार्किंगचा टॅग घ्यावा लागतो. हे फुकट प्रकरण त्याला फार आवडलं. स्वतःची उशी, स्वतःची कॉफी, बर्फाच्या पेटीत स्वतःचं खाणं. तिथल्या कुवोही शिखरावर गेलो (2024 पर्यंत त्याला क्लिंगमन्स डोम म्हणत), उंची 6,643 फूट. मनोऱ्यापर्यंतची वाट जेमतेम अर्ध्या मैलाची, पण उभा चढ. तीनदा बसला. मी एक अक्षर बोलले नाही. परतताना खानावळीत त्याने आपणहून चहा 'हाफ अँड हाफ' मागितला, म्हणजे अर्धा गोड, अर्धा बिनसाखरेचा. अजून तोच पितो.

मिसिसिपीहून

खाण्याचं मी सांगते, कारण त्यात मी भरपूर पोळले आहे. पहिल्या वर्षी किन्वा, केल, ग्रील्ड चिकन सगळं करून झालं. तो मुकाट खायचा आणि रात्री दहाला बिस्किटं नि सॉसेज ग्रेव्ही. (बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं नाही, ताकात मळलेला लोण्याचा मऊ पाव.)

मग एका रविवारी सासूबाईंच्या ओट्याशी उभी राहिले. शेगडीच्या बाजूला डबा, त्यात बेकनची साठवलेली चरबी. कोलार्ड या पालेभाजीची पानं डुकराच्या खारवलेल्या हाडाबरोबर दोन तास रटरटत होती. त्यांनी वरचं हिरवं पाणी कपात ओतून मला दिलं, "पॉटलिकर, पी." आपलं कटाचं पाणी आठवलं. त्यानंतर बिडाच्या तव्यातला कॉर्नब्रेड ग्लासात कुस्करून, वर थंड ताक ओतून चमच्याने खायला बसल्या. सोबत कांदा. अहो, ही तर ताक-भाकरी! माझे आजोबा असंच खायचे, फक्त भाकरी ज्वारीची.

तिथून गाडी रुळावर आली. यांच्याकडे भाज्या भरपूर आहेत: भेंडी, चवळी, रताळी, कोलार्ड. फक्त भेंडी मक्याच्या पिठात तळतात आणि रताळ्यावर मार्शमेलो घालतात. म्हणून मी पदार्थ सोडले नाहीत, आतलं बदललं. हाडाच्या जागी धुरावलेला टर्कीचा पाय. भेंडी ओव्हनमध्ये. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्याच, त्या दुधा-लोण्याऐवजी पाण्यात शिजवून वर लसणाची फोडणी. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी इथे चवळी नि कोलार्ड खायचा शकुन असतो. यंदा चवळीची उसळ मी केली, गोडा मसाला घालून. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि म्हणाल्या, जरा हॅम हवं होतं.

मॅक अँड चीजला (चीजमधली मॅकरोनी) मात्र हात लावू नका. इथे ती 'भाजी' आहे. खानावळीत एक मांस नि तीन भाज्या घ्यायच्या असतात, त्या यादीत तिचं नाव असतं. वाद घालून मी दमले.

नॅशव्हिलहून

आमच्याकडे उलटं, घरकोंबडी बायको. विमान नको, गर्दी नको. आम्ही नॅचेझ ट्रेस हा रस्ता तुकड्या-तुकड्यांनी करतोय. नॅशव्हिलजवळून मिसिसिपीतल्या नॅचेझपर्यंत 444 मैल, ट्रकना बंदी, बहुतेक ठिकाणी ताशी 50 मैलांची मर्यादा. शनिवारी जायचं, रात्री आपल्या पलंगावर झोपायला घरी. फार लांब गेलो तरच एखादी रात्र बाहेर. तीन वर्षांत अर्धा झालाय. घाई कोणाला आहे?

ह्यूस्टनहून

मला नाही जमलं. तो त्याचं खातो, मी माझं. मी मैत्रिणींबरोबर फिरते, तो दारात उभा राहून हात हलवतो. पाहुण्यांना वाईट वाटतं, आम्हाला नाही.

सव्हानाहून

नवऱ्याला कोकणात नेलं, गुहागरला. मी किल्ले, देवळं, बोटी सगळं ठरवलेलं. हा पडवीतल्या झोपाळ्यावर बसला तो तीन दिवस हललाच नाही. त्याच्या आजीच्या पोर्चवर असाच झोपाळा होता म्हणे. काकू कुळथाचं पिठलं-भात वाढायच्या, हा 'यस मॅम' म्हणत संपवायचा. परतताना घाटावर एका बाईकडे उकडलेल्या शेंगा मिळाल्या. जॉर्जियात रस्त्याकडेला हंड्यातून विकतात, अगदी तशाच! गाडीत टरफलांचा ढीग. आता 'परत कधी जायचं' हे तोच विचारतो. मला मात्र किल्ले बघायचे राहिलेत.

धागाकर्ती, पुन्हा

सगळं वाचून काल रात्री नकाशा त्याच्यापुढे टाकला. कुवोहीवाली युक्ती. बराच वेळ बघत बसला, चष्मा लावला, काढला. मग म्हणाला, "कुत्र्याला कोण सांभाळणार?"

'नाही' म्हणाला नाही. शेजारणीला विचारून ठेवलंय.