इलोकानो, केचुआ आणि आपलं 'आपण-आम्ही'

इलोकानो आणि केचुआ या दोन भाषांत स्पॅनिश शब्द भरपूर, म्हणून त्या एकमेकींच्या जवळच्या असाव्यात, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. घोड्याला इलोकानोत 'काबाल्यो', केचुआत 'कावाल्यु', पण हे शब्द स्पॅनिश राजवटीत आलेले, उसने. इलोकानो फिलिपिन्समधल्या लुझोन बेटाच्या उत्तरेची, ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळातली, केचुआ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतली.

घडणही वेगळी. केचुआ मागे प्रत्यय जोडत जाते: 'वासि' घर, 'वासिकुना' घरं, 'वासिकुनापि' घरांमध्ये. इलोकानोत शब्दाचा पहिला तुकडाच दुणावतो: 'बालाय' घर, 'बालबालाय' घरं. क्रियापद केचुआत आपल्यासारखं सहसा शेवटी, इलोकानोत सुरुवातीला.

खरं साम्य आहे ते सर्वनामांत, आणि मराठी माणसाला ते लगेच कळेल, कारण 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. केचुआत 'न्योकान्चिक' म्हणजे आपण, 'न्योकाय्कु' म्हणजे आम्ही. इलोकानोत 'दातायो' आणि 'दाकामी'; शिवाय फक्त तू आणि मी, अशा दोघांसाठी 'दाता' हे वेगळं सर्वनाम. किती सुंदर सोय! स्पॅनिशमध्ये या सगळ्याला एकच 'नोसोत्रोस', म्हणजे हा भेद तरी तिथून आलेला नाही.