गुदाशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम करावेत का?

प्रश्न (तासगाव):
माझ्या वडिलांना गुदाशयाचा कर्करोग असून मिरजेतील किरणोपचार नुकतेच संपले आहेत. शस्त्रक्रिया सुमारे ८ आठवड्यांनी आहे. गुदद्वार वाचेल, मात्र काही महिने मल गोळा करणारी पिशवी पोटावर राहील, असे डॉक्टरांनी सांगितले. पिशवी काढल्यावर शौचावर ताबा राहावा यासाठी आतापासून व्यायाम उपयोगी पडेल का? दिवस द्राक्षबागेत काढणाऱ्या माणसाला हीच चिंता अधिक जाळते आहे.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, सातारा):
शल्यचिकित्सकांना विचारून अवश्य सुरू करावा, पण अपेक्षा नेमकी असावी. गुदाशय हे मलाचे कोठार आहे. ते काढल्यावर थोडी थोडी, वारंवार आणि घाईची शौचास होते, आणि उरलेल्या आतड्याचा जोड जितका खाली तितका हा त्रास अधिक. किरणोपचारांनी त्यात भरच पडते. गेलेले कोठार व्यायामाने परत येत नाही. बळकट होतात ते गुदद्वाराचा बाहेरचा वर्तुळाकार स्नायू आणि गुदाशयाला मागून गोफणीसारखा धरून ठेवणारा स्नायू. वात अडवताना करतो तसे गुदद्वार आत व वर ओढावे, ५ सेकंद धरावे, १० सेकंद पूर्ण सैल सोडावे. असे १० वेळा, दिवसातून तीनदा. पुष्कळ जण ओढण्याऐवजी कुंथतात, म्हणून एकदा तपासून घेतलेले बरे. शस्त्रक्रियेआधी शिकण्याचा खरा लाभ हा, की नंतर वेदना व बदललेल्या संवेदनेत नेमका स्नायू शोधत बसावे लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर मात्र परवानगी मिळेपर्यंत थांबावे.

उत्तर (कऱ्हाड):
मला हे आधी कोणीच सांगितले नव्हते. पिशवी काढल्यानंतर दोन महिने एसटीत बसण्याचे धाडस झाले नाही. घाईची लागली की धावायचे नाही, जागीच उभे राहून चार-पाच वेळा आवळायचे आणि कळ ओसरली की चालायचे, हे फार उशिरा शिकलो. डॉक्टरांनी दिलेल्या इसबगोलाने मल बांधून येऊ लागला, त्याचाही तितकाच वाटा आहे.

प्रश्नकर्ता:
वडील अनेक वर्षे प्राणायामात मूळबंध लावतात. तो चालेल का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, सातारा):
आकुंचन बहुतांशी त्याच स्नायूंचे आहे, त्यामुळे त्यांना लवकर जमेल. फक्त कुंभक वगळावा, श्वास चालू ठेवावा आणि नितंब आवळू नयेत. किरणोपचारांमुळे गुदद्वाराभोवतीची त्वचा अजून सोललेली असेल, तर ती भरेपर्यंत आठवडाभर थांबले तरी बिघडत नाही.