मदत हवी आहे: दुसऱ्या उत्तेजनानंतर नियामक टी-पेशींतला (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींतला) फॉक्सपी३ (त्यांची ओळख ठरवणारं प्रथिन) घसरतो

मूत्रपिंड-रोपणाच्या, टॅक्रोलिमस (रोपण नाकारलं जाऊ नये म्हणूनचं औषध) चालू असलेल्या रुग्णांच्या रक्तातून सीडी४+, सीडी२५ जास्त, सीडी१२७ कमी (पेशीवरच्या खुणेची प्रथिनं) अशा नियामक पेशी सॉर्ट करून वाढवतोय. अँटी-सीडी३/सीडी२८ बीड्स (टी-पेशींना उत्तेजित करणारे मणी) १:१, आयएल-२ (टी-पेशी वाढवणारं प्रथिन) मिलीलीटरला ५०० युनिट, रॅपामायसिन (साध्या टी-पेशींची वाढ रोखणारं औषध) १०० नॅनोमोलर. पहिली फेरी छान जाते. बीड्स पुन्हा घातले की फॉक्सपी३ घसरतो, इंटरफेरॉन-गॅमा (दाह वाढवणाऱ्या टी-पेशींचं प्रथिन) दिसू लागतो. सॉर्टची शुद्धता तपासली, आयएल-२ची बॅच बदलली, फरक नाही. फक्त सीडी४५आरए+ (नवख्या, जास्त स्थिर राहणाऱ्या) पेशी घेणं सुचवाल, पण या रुग्णांत त्या फारच कमी मिळतात. फॉक्सपी३ उत्तेजित साध्या टी-पेशींतही तात्पुरता दिसतो, म्हणून टीएसडीआरचं (फॉक्सपी३ जनुकाचा नियंत्रक भाग, खऱ्या नियामक पेशींत मिथायलेशन नसलेला) मिथायलेशनही पाहिलं (जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून नमुने पुरुषांचेच, एक्स-निष्क्रियतेचा घोळ नको), तेही वाढलंय. मूळ नियामक पेशीच अस्थिर झाल्या की शिल्लक साध्या पेशी वरचढ ठरल्या, हे टीसीआर (टी-पेशीच्या प्रत्येक वंशाची वेगळी ओळख देणारा ग्राहक) सिक्वेन्सिंगने ठरवायचं तर नमुना कोणकोणत्या टप्प्यावर घ्यावा?