गिधाडं मोजून नक्की काय साधतं?

म्हसळेकर:
आमच्याकडे रायगडात पोरं दुर्बिणी घेऊन येतात, गिधाडांची घरटी मोजतात, वहीत लिहितात आणि जातात. त्याच पैशात चार मेलेली ढोरं आणून टाकली तर त्यांचं पोट तरी भरेल. खवचटपणे विचारत नाहीये. नुसतं मोजून पक्ष्याचं भलं झालंय का कुठे?

खिल्लारी:
झालंय, तेही गिधाडाचंच. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ऐंशीच्या दशकात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजलेली होती. १९९६च्या सुमारास १५०, २००३पर्यंत शून्य. जुना आकडा हाताशी होता म्हणून बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पक्षी अभ्यासक विभू प्रकाश ठासून सांगू शकले की हे काहीतरी वेगळं आहे. आमच्या गावी तर लोक मोबाईल टॉवरवर खापर फोडून मोकळे झाले होते.

कारण सापडलं पाकिस्तानातल्या पंजाबात. मेलेली गिधाडं उघडली तर आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर. युरिक आम्ल, मूत्रपिंडं निकामी. २००४ साली छापून आलं: डायक्लोफिनॅक, म्हणजे दुखणं-सूज उतरवणारं औषध. मी पशुसंवर्धन खात्यात होतो, हे इंजेक्शन आमच्या पेटीत कायम. बैल लंगडतोय, म्हशीची कास सुजलीय, की दे टोचून. स्वस्त, आणि संध्याकाळपर्यंत जनावर उभं. पण तेच जनावर एक-दोन दिवसांत दगावलं, तर मांसात औषध उरतंच.

शंभरात एकाहून कमी मेलेल्या जनावरांत ते असलं तरी एवढी घसरण होऊ शकते, असं गणित निघालं. एका ढोरावर अख्खा थवा तुटून पडतो, आणि मादी वर्षाला अंडं घालते एकच. तेव्हा तुमची ती चार ढोरं कुणाच्या गोठ्यातली, हे आधी विचारा.

टिपणवही:
घरट्यांइतकीच रस्त्यावरची मोजणीही कामाची ठरली. नव्वदच्या सुरुवातीला गाडीतून ज्या मार्गांवर गिधाडं मोजली, त्याच मार्गांवर २००० पासून पुन्हा पुन्हा मोजली. २००७पर्यंत पांढऱ्या पाठीची हजारात एक उरली होती. दरवर्षी नवी जागा, नवी पद्धत धरली असती तर या तुलनेला काडीचा अर्थ नव्हता. आणि काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं. आमच्या गटात निम्मे लोक त्या दिवशी वहीच उघडत नाहीत, याचा मला भयंकर राग येतो.

म्हसळेकर:
२००६ला डायक्लोफिनॅकवर बंदी आली ना? मग आता कशाला मोजायचं?

खिल्लारी:
बंदी गुरांच्या औषधावर होती. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. शेवटी २०१५मध्ये ३ मिलीच्या कुपीची मर्यादा घातली. केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक ही तसलीच, गिधाडांना मारक औषधं गुरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं. पुढचं कुठलं औषध नडतंय ते घरट्यांच्या आकड्यावरूनच आधी कळणार. तोवर गुरांच्या डॉक्टरकडे दुखण्यावर मेलॉक्सिकॅम मागा, गिधाडांना त्याने अपाय होत नाही.

म्हसळेकर:
बरं. रविवारी पोरं येणार आहेत, ढोराला मरण्याआधी काय टोचलं होतं ते वहीत लिहितात का, विचारतो.